गेलेल्या गाड्यांचे रंग

पोळा जवळ आला की कळमनुरीतल्या घराघरांत मातीचे बैल तयार होऊ लागतात. दावणीला खरी जोडी असो वा नसो, पूजेला मातीची जोडी लागतेच. ही जोडी रंगवायला बसलेल्या पोरांकडे एकदा नीट पाहावे. कोणताही रंग त्यांना चालत नाही. ज्याच्या घरी लाल कंधारी, त्याचा मातीचा बैल तांबडाच हवा. ज्याच्या घरी देवणी, त्याला पांढऱ्यावर काळे ठिपके हवेत, आणि तेही नेमके आपल्या बैलाच्या ज्या अंगाला आहेत त्याच अंगाला. आजी म्हणते, "असू दे रे, देवाला काय कळतंय!" पोरगा ऐकत नाही. त्याला ठाऊक असते, की ठिपका चुकला तर तो कुठला तरी बैल होईल, आपला होणार नाही.

याच हट्टापायी जगभरातली हजारो मोठी माणसे विजेवर चालणाऱ्या रेल्वे इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती जमवतात, रंगवतात आणि टेबलावर मांडलेल्या रुळांवरून चालवतात. एकाच इंजिनाच्या त्यांच्याकडे तीन-तीन, चार-चार प्रती असतात. एक कारखान्यातून निघाले त्या दिवसाच्या रंगातली, दुसरी वीस वर्षांनी रंग बदलल्यावरची, तिसरी निवृत्तीच्या आधीची. घरची मंडळी कपाळाला हात लावतात. एकच इंजिन चारदा कशाला? पैसे जास्त झालेत का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच रास्त आहे. ते उत्तर कळमनुरीसारख्या गावाच्या फार कामाचे आहे, म्हणून आजचा हा लेखप्रपंच.

कळमनुरी शहरातून रेल्वे जात नाही. इथल्या माणसाला आगगाडी धरायची तर एस.टी.ने हिंगोली गाठावी लागते, नाहीतर तालुक्यातल्याच बोल्ड्याला किंवा थेट नांदेडला जावे लागते. त्यामुळे इथल्या मुलांच्या मनातली आगगाडी ही पाहायला जायची गोष्ट आहे. दाराशी असलेल्या वस्तूकडे माणूस बघत नाही. वीस किलोमीटरवरून बघायला गेलेली वस्तू तो विसरत नाही. मामाच्या गावाला जाताना हिंगोलीच्या फलाटावर उभे राहून पाहिलेली गाडी पन्नाशीतही डोळ्यांसमोर असते.

निदान तसे वाटते तरी. एखाद्या रविवारी जेवणानंतर घरात नुसता प्रश्न टाकून पाहा. "आजोबा, मीटरगेजची गाडी होती ना, तिचे डबे कसल्या रंगाचे होते हो?" आजोबा म्हणतील, "लाल." आजी आतून म्हणेल, "लाल कुठले, मातकट तांबडे." काका म्हणतील, "निळे होते, मी स्वतः बसून गेलोय पूर्णेला." तिघेही खरे बोलत असतात, कारण तिघांच्या प्रवासांत पंधरा-वीस वर्षांचे अंतर असते. मग कोणी तरी जुना फोटो शोधून आणतो. त्यात गाडी असते, माणसे असतात, पेटीवर बसलेली आत्याही असते. पण फोटो असतो काळा-पांढरा. वाद तिथेच संपतो, निकाल न लागता.

रंग हा असा पुरावा आहे, की तो सर्वांत आधी नाहीसा होतो. लोखंड गंजायला वर्षे लागतात, इमारत पडायला पिढ्या जातात. रंग मात्र एका दुपारी ब्रशच्या दोन हातांखाली कायमचा गाडला जातो. इंजिनांचे नंबर, बांधणीची वर्षे, चाकांची मापे कार्यालयांच्या कागदांत राहतात. पण अमुक साली पट्टा पिवळा होता की मलई रंगाचा, हे लिहून ठेवणे कोणाच्याच कामात बसत नाही. ते काम या हौशी लोकांनी कोणी न सांगता अंगावर घेतले आहे.

खेकडा आणि राणी

आपल्याकडे विजेची गाडी पहिल्यांदा धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत. तारेतला दाब होता १५०० व्होल्ट, एकदिश प्रवाहाचा. पुढच्या पाच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने एका अंगाला इगतपुरी आणि दुसऱ्या अंगाला पुण्यापर्यंत तारा नेल्या. घाट चढायला वाफेच्या इंजिनांची दमछाक होत असे. बोरघाटात आणि कसारा घाटात चढ ३७ फुटांना १ फूट असा उभा आहे. त्या चढासाठी खास मालगाडीची इंजिने मागवली गेली. एकूण ४१. पहिली दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावच्या कारखान्यातून आली, उरलेली इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून.

या इंजिनाचे अंग तीन तुकड्यांचे होते. मधे चालकाची खोली आणि पुढे-मागे दोन लांबट नाके. वळणावर ते अंगातून मोडल्यासारखे वळे. युरोपात अशा घडणीच्या इंजिनाला 'मगर' म्हणतात. आपल्या रेल्वेतल्या माणसांनी त्याला नाव दिले 'खेकडा'. उभे असताना ते कण्हल्यासारखा आवाज काढी आणि चालताना त्याच्या बाजूच्या दांड्या खेकड्याच्या पायांसारख्या हलत. असे नाव साहेबाच्या कागदावर सुचत नाही. ते कर्जतच्या यार्डातच सुचते. हे खेकडे साठाहून अधिक वर्षे राबले आणि १९९०च्या दशकात थांबले. त्यांतला एक, 'सर लेस्ली विल्सन' नावाचा, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे. त्याच काळातले प्रवासी गाडीचे एक विजेचे इंजिन मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात पाहायला मिळते. सुट्टीत मुलांना घेऊन मुंबईला गेलात तर ते जरूर दाखवा.

१ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन क्वीन सुरू झाली. तिच्यासाठी सात-सात डब्यांच्या दोन गाड्या बांधल्या होत्या. एक चंदेरी, तिला किरमिजी पट्ट्या. दुसरी गर्द निळी, तिला सोनेरी रेघा. पुढे डबे बदलले, रंग बदलले. अनेकांच्या आठवणीतली राणी निळी आणि पांढऱ्या पट्ट्याची आहे. एके काळी तिच्या इंजिनालाही डब्यांशी जुळणारे निळे-पांढरे रंग देत असत. २०२२मध्ये तिला नव्या बांधणीचे डबे आणि पुन्हा नवा रंग मिळाला. आता विचार करा, 'डेक्कन क्वीनची प्रतिकृती' असे नुसते म्हटले तर ती कोणती? चंदेरी, निळी की आजची? एकाच गाडीच्या चार प्रती का लागतात, याचे उत्तर इथे मिळते. फोटोंच्या अल्बममध्ये आपण एकाच मुलीचे बारशाचे, शाळेच्या पहिल्या दिवसाचे आणि लग्नाचे असे तीन फोटो ठेवतो. एकच मुलगी तीनदा कशाला, असे कोणी विचारत नाही.

चित्तरंजनच्या कारखान्यात भारतात बांधलेले पहिले विजेचे इंजिन १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते सेवेत आले. त्याचे नाव ठेवले होते 'लोकमान्य'. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट, पण ती किती घरांत ठाऊक आहे? एखाद्या मुलाच्या टेबलावर ते इंजिन त्या नावाच्या पाटीसह उभे असते, तर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती ठाऊक झाली असती.

रंगाआडचे कारण

इंजिनांचे आणि डब्यांचे रंग केवळ कोणा साहेबाच्या आवडीने बदलत नाहीत. बहुतेक वेळा रंगाआड काही कारण असते, आणि हौशी माणूस ते शोधून काढतो. एकेकाळी आपल्याकडच्या डब्यांचा ठरलेला रंग विटकरी तांबडा होता. त्यांचे ब्रेक निर्वात पोकळीवर चालत. हवेच्या दाबावर चालणारे नवे ब्रेक आले, तेव्हा १९९०च्या दशकात तशा डब्यांना निळा रंग मिळू लागला. दोन्ही जातींचे डबे एकमेकांना जोडून चालवता येत नसत. रंग पाहिला की यार्डातल्या माणसाला कळे. वरच्या वादात आजी आणि काका दोघेही बरोबर होते, ते असे.

आजच्या विजेच्या इंजिनांतही हा हिशेब वाचता येतो. लाल अंगावर पांढरट पट्टा दिसला की ते बहुधा डब्ल्यूएपी-४ असते. ते १९९०च्या दशकातले. पांढऱ्या अंगावर लाल पट्टा असला तर डब्ल्यूएपी-५ किंवा २००० सालापासून आलेले डब्ल्यूएपी-७. हिरवे दिसले तर बहुधा मालगाडी ओढणारे डब्ल्यूएजी-९. वंदे भारत आधी निळी-पांढरी होती, २०२३पासून भगव्या रंगातही आली. आज हे सगळे इतके डोळ्यांसमोर आहे, की लिहून ठेवावे असे कोणाला वाटत नाही. मीटरगेजच्या गाडीबद्दलही तेव्हा असेच वाटत होते.

इतिहासाची शिस्त या छंदात आपोआप येते. खेकड्याच्या मागे वंदे भारतचे डबे जोडता येत नाहीत. जोडले तर दुसरा हौशी लगेच बोट ठेवतो. खेकडा १५०० व्होल्टच्या तारेखाली चालणारा, आजची इंजिने २५,००० व्होल्टच्या. मुंबईच्या उपनगरी मार्गावरचा १५०० व्होल्टचा शेवटचा तुकडा २०१६च्या एप्रिलमध्ये बदलला, तोवर खेकडे केव्हाच थांबले होते. दहा वर्षांच्या मुलाला सनावळ्या पाठ करायला सांगा, तो पळून जाईल. टेबलावर कोणती गाडी कोणत्या तारेखाली चालेल हे ठरवायला सांगा, तो सनावळ्या स्वतः शोधून आणेल.

गणिताचेही तसेच. या छंदातले सर्वांत रुळलेले माप म्हणजे १ : ८७. खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. वीस मीटरचे इंजिन या मापात तेवीस सेंटिमीटरचे होते, म्हणजे शाळेतल्या पट्टीहून थोडे लहान. या मापाचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे मिळतात. पण ते युरोपातल्या रुळांवरून बेतलेले आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ने भागले तर १९.३ येतात. म्हणजे बाजारातल्या रुळांवर आपले इंजिन ठेवले, की त्याचे पाय जरा जवळ आल्यासारखे दिसतात. मीटरगेज भागून पाहा, साडेअकरा मिलिमीटर येतील. साडेअकरा आणि एकोणीस यांच्या दोन रेघा वहीवर ओढल्या, की पूर्णा-अकोला मार्गावर नेमके काय बदलले ते मुलाला एका नजरेत समजते. वेगाचाही हिशेब आहे. ताशी शंभर किलोमीटरची गाडी या मापात सेकंदाला फक्त बत्तीस सेंटिमीटर चालायला हवी. आपली मुले तिला विमानासारखी पळवतात. गाडी संथ चालवणे, फलाटावर नेमकी थांबवणे, एकेरी मार्गावर समोरच्या गाडीची वाट पाहणे, हे सगळे धीराचे शिक्षण आहे, आणि धीर कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

आपल्या अंगणातली गाडी

हे सारे युरोपातल्या श्रीमंतांचे चोचले, असे कोणी म्हणेल. जर्मनीतली मार्कलिन ही कंपनी १८५९पासूनची, इंग्लंडातल्या हॉर्नबीच्या गाड्या १९२०पासूनच्या. त्यांच्या एकेका इंजिनाची किंमत हजारोंच्या घरात जाते, हे खरे. पण पुण्यात कोथरूडला संगम प्रेस रस्त्यावर कै. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८पासून लोकांसाठी खुले झाले. त्यात गाव आहे, पूल आहेत, सिग्नल आहेत. अंधार करून दिवे लावले की लहानांबरोबर मोठेही गप्प होतात. एका मराठी कुटुंबाने स्वतःच्या हौसेने ते मांडले आणि सांभाळले. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. त्या हौसेला चिकाटी जोडली तर काय होते, ते तिथे दिसते.

पण पुण्याच्या टेबलावर हिंगोलीची गाडी कोण मांडणार? ते काम आपलेच आहे, आणि त्यासाठी परदेशी इंजिन लागत नाही. पूर्वी ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करणारी पोरे याच भागातली. जाड पुठ्ठा, डिंक, काडेपेट्या, रंगाच्या चार डब्या आणि मोडक्या खेळण्यातली मोटर एवढ्यावर पहिले इंजिन उभे राहते. ते चालले तर उत्तम, न चालले तरी ते मापात आणि रंगात खरे असले म्हणजे झाले.

खरे असण्यासाठी मात्र विचारावे लागते, आणि खरी निकड तिथेच आहे. पूर्णा-हिंगोली मार्ग निजामाच्या काळातला. पुष्कळ वर्षे हिंगोली हे या फाट्याचे शेवटचे स्टेशन होते. १९६०च्या सुमारास रूळ पुढे अकोला-खंडव्याकडे जोडले गेले आणि उत्तरेतले व दक्षिणेतले मीटरगेज एकत्र आले. जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस हिंगोलीवरून काचीगुड्याला जाऊ लागली. राजस्थानी पगडी आणि आपला पटका एकाच बाकावर बसू लागले. निजामाची रेल्वे १९५१मध्ये मध्य रेल्वेत गेली; १९६६मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि पुढे हा मार्ग तिच्याकडे आला. मालक बदलला की अक्षरे बदलली, पाट्या बदलल्या, रंग बदलले. २००८मध्ये पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मीटरगेजचे रूळ उचलले गेले. अलीकडच्या वर्षांत मराठवाड्यातल्या मार्गांवर विजेचे खांब उभे राहिले आणि २०२५मध्ये नांदेडहून मुंबईला वंदे भारत निघाली. वाफ, डिझेल, वीज हे तिन्ही काळ एकाच आजोबांनी याच भागात पाहिले आहेत.

त्या आजोबांचे वय आज काय असेल, याचा हिशेब वाचकांनी करावा. मीटरगेजवर चालक, गार्ड, सांधेवाले, गँगमन म्हणून ज्यांनी नोकऱ्या केल्या, ती माणसे आता निवृत्त होऊन गावोगावी ओट्यावर बसली आहेत. इंजिनाच्या कपाळावरचा पट्टा केवढा होता, सिग्नलचा हात रात्री कसा दिसे, पावसाळ्यात चढावर चाके कशी घसरत, हे त्यांच्या डोक्यात आहे, दुसरीकडे कुठेही नाही. त्यांना कोणी विचारत नाही. 'आजोबा, तुमचा अनुभव सांगा' असे म्हटले तर ते दोन वाक्यांत संपवतात. पण त्यांच्यापुढे अर्धवट रंगवलेला पुठ्ठ्याचा डबा ठेवा आणि म्हणा, "बघा बरं, असाच होता का?" मग पाहा. चष्मा पुसला जातो, डबा हातात फिरवला जातो, आणि "छे, दाराजवळ दांडी नव्हती, पायरी होती" इथून जे सुरू होते ते चहा निवला तरी थांबत नाही. प्रतिकृतीतली चूक आठवण बाहेर काढते. नुसता प्रश्न ते करू शकत नाही.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. कळमनुरी आणि हिंगोलीतल्या शाळांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत एक टेबल मांडावे. त्यावर जुने हिंगोली स्टेशन असावे, एक मीटरगेजचा रूळ आणि एक ब्रॉडगेजचा, दोन्ही मापात. गाड्या तीन काळांच्या असाव्यात आणि प्रत्येकीच्या शेजारी एक चिठ्ठी असावी. हा रंग कोणी सांगितला, त्यांनी तो कोणत्या साली पाहिला आणि कोणाचे मत वेगळे पडले, हे तीवर लिहावे. मतभेद खोडून टाकू नयेत. लाल, मातकट आणि निळा असे तिन्ही डबे करून ठेवावेत. मुलींना 'तुम्ही रांगोळी काढा' म्हणून बाजूला बसवू नये. रंगातला अर्ध्या छटेचा फरक ओळखणारे डोळे त्यांचेच असतात. खर्च एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाहूनही कमी येईल.

पालकांनाही एक विनंती. घरातल्या कोणाला असा छंद जडला, तर माजघरातले टेबल अडले म्हणून त्रागा करू नये. धूळ पुसताना इंजिन उलटे ठेवू नये, एवढे केले तरी पुष्कळ झाले. आणि हौशी मंडळींनीही एक पथ्य पाळावे. घरच्या खर्चाला कात्री लावून आणलेले परदेशी इंजिन कपाटात कुलपात ठेवण्यात काही पुरुषार्थ नाही. गाडी चालवावी, शेजारच्या पोराला चालवू द्यावी, आणि आपण जे शोधले ते लिहून ठेवावे. न चालवलेली गाडी आणि न सांगितलेली आठवण, दोन्ही सारख्याच गंजतात.

पूर्णा ते अकोला हे अंतर सुमारे २१० किलोमीटर. १ : ८७ या मापात ते जेमतेम अडीच किलोमीटर भरते, म्हणजे अर्ध्या तासाची पायपीट. सगळा मार्ग मांडायला कोणी सांगत नाही. आपल्या वाट्याचे एक स्टेशन मांडले तरी पुरे. पोळ्याच्या बैलाचा ठिपका चुकू नये म्हणून हट्ट धरणारी पोरे आपल्या घरात आहेतच. त्यांच्या हातात या वेळी एक डबाही द्यावा आणि आजोबांना जवळ बसवावे. रंग कोणता, ते आजच विचारून घ्यायला हवे.